दांड्या पूर्ण, नेट मात्र ढिम्म: दिल्ली-एनसीआरच्या घरांत वाय-फाय आणि रेंज कशी तपासाल?

दिल्ली परिसरातल्या मराठी वाचकांचे इंटरनेटविषयीचे प्रश्न शब्द बदलून, पण फिरून फिरून तेच येतात. ‘तीनशेचा प्लॅन घेतला, बेडरूममध्ये दहासुद्धा मिळत नाहीत.’ ‘गुरुग्रामला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो, खिडकीतून टॉवर दिसतो, तरी फोन कटतो.’ ‘मुलगी ओल्ड राजेंद्रनगरला यूपीएससीची तयारी करते, पीजीत संध्याकाळी लेक्चर अडकतं.’ ‘बाजारात बूस्टर मिळतो म्हणतात, बसवू का?’

यातले बरेच जण विचारायला येतात तेव्हा काहीतरी खर्च करून बसलेले असतात. कुणी मोठा प्लॅन घेतलेला असतो, कुणी नवा राउटर आणलेला असतो, कुणी कंपनीच बदललेली असते. दुखणं मात्र जागच्या जागी. म्हणून या लेखाचा आग्रह एकच: आधी मोजा, मग पाकीट काढा. मोजायला तुमचा फोन पुरतो आणि फार तर अर्धा तास जातो.

दोष कुठे आहे? तीन टप्पे, तीन चाचण्या

घरातलं इंटरनेट तीन टप्प्यांनी तुमच्यापर्यंत येतं. पहिला टप्पा कंपनीपासून घरापर्यंतच्या लाइनचा, दुसरा राउटरपासून खोलीपर्यंतच्या हवेचा आणि तिसरा खुद्द तुमच्या फोनचा किंवा लॅपटॉपचा. कोणता टप्पा अडतोय हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१. फायबरच्या डब्याचे दिवे बघा. भिंतीतून येणारी बारीक फायबर ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. बऱ्याच घरांत तोच राउटरही असतो. त्यावरचा ‘पॉन’ नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल तर लाइन शाबूत आहे. ‘एलओएस’ हा दिवा लाल झाला किंवा लाल लुकलुकू लागला तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. थेट तक्रार नोंदवा. तेवढ्यात एक गोष्ट घरी पाहता येते: फायबर दाराच्या फटीत चेपली आहे का किंवा कपाटामागे काटकोनात वाकली आहे का. तारेसारखी ती घट्ट वळवून चालत नाही. पॉन हिरवा आणि इंटरनेटचा दिवा बंद, असं असेल तर आधी बिल भरलंय का ते बघा आणि एकदाच रीस्टार्ट करा.

२. राउटरजवळ स्पीड मोजा. शक्य असेल तर लॅपटॉपला लॅन केबल जोडून, नाहीतर राउटरपासून दोन मीटरवर फोन धरून. इतर उपकरणं तेवढा वेळ बंद ठेवा. दूरसंचार नियामक ट्रायचं मायस्पीड अ‍ॅप वापरा किंवा कोणतीही ओळखीची स्पीड टेस्ट.

३. जिथे त्रास होतो तिथे मोजा. आधी त्याच फोनवर, मग त्याच जागी दुसऱ्या फोनवर.

आता निकाल लावा:

- राउटरजवळच स्पीड कमी: दोष लाइनचा किंवा राउटरचा.
- राउटरजवळ पूर्ण, खोलीत कमी: दोष घरातल्या हवेचा, म्हणजे भिंतींचा आणि जागेचा. टाकी भरलेली असून नळ बारीक असावा, तशी ही स्थिती. मोठी टाकी आणून, म्हणजे मोठा प्लॅन घेऊन, फरक पडत नाही.
- एकाच उपकरणात कमी: दोष त्या उपकरणाचा. जुने फोन आणि स्वस्त टीव्ही अनेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात.
- दिवसा ठीक, रात्री आठ ते अकरा ढिम्म: बहुधा गर्दी. तीन-चार दिवस वेळ आणि स्पीड लिहून ठेवा. हीच नोंद पुढे तक्रारीला कामी येते.

मोजताना दोन गफलती टाळा. प्लॅनमधले १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. डाउनलोड होताना दिसणारा आकडा मेगाबाइटचा असतो, त्यामुळे तिथे साडेबारा दिसले तर कंपनीने फसवलं असं होत नाही. दुसरं म्हणजे, जुन्या राउटरचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असेल तर ३०० च्या प्लॅनवरही ९५ च्या पुढे काटा सरकत नाही. पोर्ट गिगाबिटचं आहे का, हे राउटरच्या तळाच्या मॉडेल क्रमांकावरून शोधता येतं.

दांड्या सोडा, आकडा बघा

फोनवर दिसणाऱ्या दांड्यांना ठरलेलं माप नाही. कुठल्या सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या ते फोनची कंपनी ठरवते. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन फोनवर चार आणि दोन दांड्या दिसू शकतात. खरं माप डीबीएममध्ये असतं. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. दहा डीबीने आकडा घसरला की सिग्नलची शक्ती दहापटीने कमी झाली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

वाय-फायसाठी (वाय-फाय अ‍ॅनलायझर प्रकारच्या अ‍ॅपमध्ये दिसतं):

- उणे ५० ते ६०: उत्तम
- उणे ६७ पर्यंत: व्हिडिओ कॉल, ऑनलाइन वर्गाला ठीक
- उणे ७० ते ८०: मेसेज जातील, व्हिडिओ अडखळेल
- उणे ८० च्या पलीकडे: जोडलेलं दिसेल, चालणार नाही

मोबाइलच्या ४जी-५जी सिग्नलसाठी:

- उणे ८५ पर्यंत: चांगला
- उणे ८५ ते १००: चालेल
- उणे १०० ते ११०: घरात आत गेलात की कॉल तुटू लागतील
- उणे ११० च्या पलीकडे: बॅटरी वेगाने उतरेल, कारण फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जोर लावत राहतो

अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये सिम स्टेटस उघडलं की हा आकडा सापडतो, काही फोनमध्ये जागा थोडी वेगळी असते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की तपासणीचा पडदा उघडतो.

राउटर कुठे ठेवाल?

लाइनमन राउटर बसवतो ती जागा त्याच्या सोयीची असते: मुख्य दाराजवळ, मीटरच्या डब्याशेजारी, नाहीतर टीव्हीच्या कपाटात. तुमची सोय वेगळी. घराचा प्रकार पाहून ठरवा.

- डीडीए फ्लॅट आणि जुन्या कॉलन्या: नऊ इंची विटांच्या भिंती. अशी एक भिंत निभते, दोन झाल्या की ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल बसतो. राउटर घराच्या मधल्या पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा.
- बिल्डर फ्लोअर: लांबट आकार, पुढे बैठक आणि मागे बेडरूम. लाइन पुढच्या बाल्कनीतून येते, त्यामुळे मागची खोली कायम कोरडी. इथे ओएनटी पुढे राहू द्या आणि लॅन केबलने राउटर घराच्या मध्यावर आणा.
- गुरुग्राम-नोएडाचे टॉवर: अनेक नव्या इमारतींत अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. लोखंडी सळ्यांच्या त्या भिंती विटांपेक्षा सिग्नल जास्त अडवतात. तीन बेडरूमच्या अशा घरात एका राउटरवर भागेल ही अपेक्षाच सोडा.

आणि दिल्लीचा खास अडथळा: कूलर. खिडकीत बसवलेला डेझर्ट कूलर म्हणजे पत्र्याचा डबा आणि आत पाण्याची टाकी. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी तो शोषतं. एप्रिल ते जुलै एखाद्या खोलीत नेट अचानक मंदावलं तर राउटर आणि खोली यांच्यामध्ये, किंवा खिडकी आणि टॉवर यांच्यामध्ये, कूलर आलाय का ते आधी बघा. फ्रिज, मोठा आरसा, स्टीलचं कपाट आणि माशांची टाकी यांचीही जात तीच. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ गिगाहर्ट्झवरचं नेट अडखळतं, कारण तो साधारण त्याच पट्ट्यात काम करतो.

हिवाळ्यातलं धुकं आणि धूर यांच्यावर मात्र उगीच आळ घेऊ नका. वाय-फाय आणि मोबाइल ज्या पट्ट्यांत चालतात तिथे धुक्याचा परिणाम नगण्य असतो. पावसात डीटीएच जातं, कारण त्याचा पट्टा कितीतरी वरचा आहे. उन्हाळ्यात बंद माळ्यावर ठेवलेला राउटर तापून रीस्टार्ट होऊ शकतो. त्याला मोकळी हवा द्या.

वीज गेल्यावर नेट जात असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. आपला डबा चालू असूनही नेट जात असेल तर इमारतीत किंवा गल्लीत असलेल्या कंपनीच्या स्विचला बॅकअप नाही असं समजा आणि तशीच तक्रार करा.

२.४ की ५? पट्टा कसा निवडाल

- २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती बरा पार करतो, पण अरुंद आहे. शेजारच्या वीस घरांचे राउटर, ब्लूटूथ, वायरलेस माउस सगळे इथेच गर्दी करतात. यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. अ‍ॅनलायझरमध्ये तिघांपैकी सर्वांत मोकळं दिसेल ते निवडा. ३ किंवा ९ घेतलंत तर दोन्ही बाजूंची गर्दी ओढवून घ्याल.
- ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण पल्ला कमी. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त केला, त्यामुळे इथे जागा भरपूर आहे.

टीव्ही, लॅपटॉप, ऑनलाइन वर्गाचा टॅब ५ वर जोडा. कॅमेरा, स्मार्ट बल्ब, प्रिंटर २.४ वर राहू द्या. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल आणि फोन सतत २.४ वर चिकटत असेल, तर सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या. काही स्थानिक पुरवठादार अजून एकाच पट्ट्याचा राउटर देतात. त्यावर मोठ्या प्लॅनचा बराचसा पैसा वायाच जातो.

नवा राउटर घ्यायचाच असेल तर वाय-फाय ६ चा, दोन्ही पट्ट्यांचा, गिगाबिट पोर्टचा घ्या. सर्वसाधारण कुटुंबाला तो पुरतो. नेहरू प्लेसला जाऊन घेतलात तरी पक्कं बिल आणि वॉरंटी मागा.

रिपीटर, मेश की केबल?

राउटरची जागा बदलूनही एखादी खोली सुटत असेल तर तीन पर्याय उरतात.

१. रिपीटर: स्वस्त. एकाच पट्ट्यावर घेऊन त्याच पट्ट्यावर पुढे देणारा असेल तर स्पीड साधारण निम्मा होतो. लोक तो जिथे नेट येत नाही त्या खोलीत लावतात आणि तिथेच चूक होते. जिथे उणे ६५ च्या आसपास सिग्नल आहे अशा मधल्या जागी लावा. ज्याला स्वतःलाच सिग्नल नाही तो पुढे काय देणार?

२. मेश: दोन-तीन डबे मिळून घरभर एकच नेटवर्क. फिरताना फोन आपोआप जवळच्या डब्याकडे वळतो. काँक्रीटच्या भिंतींच्या घरात डब्यांमधलं अंतर दुकानदार सांगतो त्यापेक्षा कमी धरा. परत घेण्याची सोय असेल तिथूनच घ्या.

३. लॅन केबल आणि दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट: दिसायला जुनाट, पण सर्वांत भरवशाचा. कॅट-६ केबल भिंतीच्या कडेने पट्टीतून ओढा आणि मागच्या खोलीत जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. घराचं काम चालू असेल तर प्रत्येक खोलीत रिकामा पाइप टाकून घ्या, हा खर्च पुढे आयुष्यभर वाचतो.

घरात मोबाइलची रेंज नाही, काय कराल?

कारणं साधारण चार असतात.

- पट्टा: कमी फ्रिक्वेन्सीचे ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे भिंतीतून आत येतात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रगती मैदानावरून देशात ५जी सुरू झालं. त्याचा वेगवान पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या घरातला आहे आणि तो भिंतीशी हरतो. घरात ५जी येत-जात राहत असेल तर फोन काही दिवस ४जीवर ठेवून बघा. कॉल स्थिर होतात, बॅटरीही टिकते.
- उंची: टॉवरचे अँटेना खाली, रस्त्याकडे झुकवलेले असतात. वरच्या मजल्यांवर एकाऐवजी दूरदूरच्या अनेक टॉवरचे सिग्नल येऊन एकमेकांत मिसळतात. म्हणून खिडकीशी दांड्या पूर्ण आणि कॉल मात्र तुटका.
- काच: उष्णता रोखणाऱ्या नव्या काचांवर धातूचा अतिपातळ थर असतो. तो उन्हाबरोबर रेंजही अडवतो. खिडकी उघडून आकडा बघा. दहा-पंधरा डीबीचा फरक पडला तर चोर सापडला.
- टॉवरच नाही: अनेक कॉलन्यांत आरडब्ल्यूए, म्हणजे रहिवाशांची संघटना, किरणोत्सर्गाच्या भीतीने टॉवरला विरोध करते आणि मग तीच कंपनीला शिव्या घालते. टॉवरच्या उत्सर्जनाची भारतातली मर्यादा सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश आहे. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर जवळचे टॉवर बघता येतात आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. कॉलनीच्या बैठकीत वाद घालण्याआधी ही मोजणी मागवा.

एक गैरसमज दूर व्हायला हवा: नोएडाहून दिल्लीत आलं की ‘सर्कल बदलतं’ म्हणून रेंज जाते असं अनेकांना वाटतं. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद आणि गुरुग्राम हा दूरसंचाराच्या दृष्टीने एकच परवाना-विभाग आहे. सीमेवरचा तुटलेला कॉल हा टॉवर बदलताना तुटलेला असतो.

सर्वांत स्वस्त उपाय: वाय-फाय कॉलिंग. घरात ब्रॉडबँड आहे आणि रेंज नाही, अशांनी आधी हेच करावं. कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जातो, नंबर तोच राहतो, वेगळं अ‍ॅप लागत नाही. देशात ही सोय एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा दिल्ली-एनसीआरमध्येच सुरू केली. जिओची देशव्यापी सेवा जानेवारी २०२० मध्ये आली. फोनच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा. दोन सिम असतील तर दोन्हींवर वेगवेगळं चालू करावं लागतं. गावाकडे राहणाऱ्या आई-वडिलांच्या फोनवरही, घरी वाय-फाय असेल तर, सुट्टीत गेल्यावर हे करून या.

कंपनी बदलायची असेल तर आधी त्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याचा फोन घेऊन तुमच्या खोलीत आकडा बघा. कंपन्यांनी आपापल्या साइटवर कव्हरेजचे नकाशे ठेवणं ट्रायने बंधनकारक केलं आहे, तेही पाहा. मग:

- १९०० वर इंग्रजीत ‘पोर्ट’, एक जागा सोडून तुमचा नंबर असा एसएमएस करा. पोर्टिंगचा यूपीसी कोड येतो, तो साधारण चार दिवस चालतो.
- त्याच विभागात पोर्टिंगला तीन कामकाजाचे दिवस, महाराष्ट्राचा नंबर दिल्लीत आणायचा असेल तर पाच.
- नंबर घेऊन ९० दिवस झालेले हवेत. १ जुलै २०२४ पासून, सिम बदलून घेतल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही.

बूस्टर: विकत मिळतो म्हणून कायदेशीर नाही

ऑनलाइन आणि बाजारात ‘नेटवर्क बूस्टर’ उघड विकले जातात. दूरसंचार विभागाने १ जुलै २०२२ च्या सूचनेत स्पष्ट केलं आहे की परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज इतर कुणीही मोबाइल सिग्नलचा रिपीटर किंवा बूस्टर बाळगणं, विकणं आणि वापरणं बेकायदा आहे. त्यामागे कारण आहे. असा डबा आसपासच्या टॉवरकडे गोंगाट पाठवतो आणि अख्ख्या गल्लीचे कॉल बिघडवतो. तुमच्या रेंजसाठी शेजाऱ्याची रेंज जाते, आणि तपास पथक आलं तर डबा जप्त होतो.

इमारतीला खरंच गरज असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर कंपनीकडे इमारतीच्या आतल्या अँटेना-व्यवस्थेची मागणी करा. वाय-फायचा रिपीटर मात्र या बंदीत येत नाही. दोघांची गल्लत करू नका.

पीजी, भाड्याची खोली आणि लायब्ररी

ओल्ड राजेंद्रनगर, मुखर्जीनगर, करोलबाग इथे राहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी:

- खोली ठरवताना रात्री नऊच्या सुमारास जा आणि पलंगावर बसून स्पीड मोजा. दुपारी बारा वाजता दाखवलेला स्पीड हा रिकाम्या घराचा असतो.
- किती खोल्यांना एक कनेक्शन आहे ते विचारा. एचडी व्हिडिओला माणशी साधारण ५ एमबीपीएस लागतात. पंधरा जणांत ५० चा प्लॅन असेल तर हिशेब तुम्हीच करा.
- लेक्चर रात्री उशिरा डाउनलोड करून ठेवा. मोबाइल हॉटस्पॉट खिडकीपाशी ठेवून ५ गिगाहर्ट्झवर चालवा.
- घरमालकाच्या वाय-फायवर बँकेचे व्यवहार करावे लागले तर ब्राउझरऐवजी बँकेचं अधिकृत अ‍ॅप वापरा, किंवा तेवढ्यापुरता मोबाइल डेटा.

घरमालक तुम्ही असाल तर भाडेकरूला ‘गेस्ट’ नेटवर्क द्या. कनेक्शन तुमच्या नावावर आहे. त्यावरून काही गैरप्रकार झाला तर पहिली चौकशी तुमचीच होते. पासवर्ड डब्लूपीए-२ किंवा ३ चा ठेवा, राउटरच्या अ‍ॅडमिन पानाचा मूळ पासवर्ड बदला आणि डब्लूपीएस बंद करा.

नवं कनेक्शन घेताना

संचार साथी पोर्टलवर तुमच्या पत्त्यावर कोणकोणते तारेचे इंटरनेट पुरवठादार आहेत ते कळतं. मेंटेनन्स ऑफिसने ‘इथे एकच कंपनी चालते’ असं सांगितलं तरी तिथे बघाच. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकित मानांकन देण्याचे नियम केले. मानांकन ऐच्छिक असलं तरी नवा फ्लॅट घेताना बिल्डरला त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

- फायबर मिळत असेल तर फायबरच. एअरफायबर प्रकारची, ५जीवरून चालणारी सेवा दिल्लीत २०२३ पासून आहे. जिथे फायबर पोहोचत नाही तिथे ती सोयीची, पण छतावरच्या डब्यासमोर टॉवर मोकळा हवा आणि गर्दीच्या वेळी वेग खाली येऊ शकतो.
- ‘अमर्यादित’ची मर्यादा विचारा. अनेक कंपन्यांच्या अमर्यादित घरगुती प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची उचित-वापर मर्यादा असते. सर्वसाधारण घराला ती पुरते, पीजीला पुरेलच असं नाही.
- राउटर कुणाचा, अनामत किती, परत कशी मिळणार, घर बदललं तर काय, हे लेखी घ्या. बदलीची नोकरी असेल तर वर्षभराचे पैसे एकदम भरू नका.
- लक्षात असू द्या: जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस डाउनलोड मिळालं तरच त्या जोडणीला सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणतात.

बाहेर असताना रेल्वे स्थानकांवरचं रेलवायर रोज पहिला अर्धा तास १ एमबीपीएसने फुकट मिळतं. गाडीची वाट बघताना तिकीट, मेल यांना पुरेसं. अशा उघड्या नेटवर्कवर ओटीपी आणि यूपीआयचे व्यवहार नकोत.

तक्रार: क्रम पाळलात तर दाद लागते

१. कंपनीचं तक्रार केंद्र. मोबाइलसाठी १९८ वर फोन करा. ब्रॉडबँडसाठी कंपनीचं अ‍ॅप किंवा क्रमांक. तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ‘साहेब, लाइनमन पाठवतो’ ही तक्रार-नोंद नव्हे.

२. कंपनीचं अपील प्राधिकरण. मुदतीत काम झालं नाही किंवा समाधान झालं नाही तर ३० दिवसांत अपील करा. फी नाही. निर्णय ३९ दिवसांत अपेक्षित असतो.

३. दूरसंचार विभाग. केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दोन्ही पायऱ्यांचे क्रमांक जोडून तक्रार करा. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे तिथे पत्रं पाठवून वेळ घालवू नका.

४. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या व्होडाफोन आयडिया प्रकरणातल्या निकालात स्पष्ट केलं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

मागण्यासारखी भरपाईही आहे. ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेडच्या भाड्यात त्या प्रमाणात सूट, आणि १ एप्रिल २०२५ पासून प्रीपेडला वैधता वाढवून मिळते. नैसर्गिक आपत्ती याला अपवाद. तारेच्या ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तरी भाड्यात सूट मागता येते. ती आपोआप मिळेल म्हणून थांबू नका. पुढचं बिल आलं की तपासा आणि डॉकेट नंबर दाखवून मागा. सरकारी आदेशाने नेट बंद केलं असेल तर मात्र कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही.

खर्चाचा क्रम

शेवटी, खिसा हलका करण्याचा क्रम असा ठेवा:

- फुकट: मोजणी, राउटरची जागा, चॅनेल, ५ गिगाहर्ट्झ, वाय-फाय कॉलिंग.
- थोड्या पैशांत: लॅन केबल, छोटा यूपीएस.
- मध्यम: दोन पट्ट्यांचा राउटर, मग मेश.
- सर्वांत शेवटी: मोठा प्लॅन किंवा नवी कंपनी, आणि तेही राउटरशेजारची मोजणी कमी आली असेल तरच.

पहिल्या ओळीतली पाचही कामं एका रविवारच्या सकाळी उरकतात. ती केल्याशिवाय दुसऱ्या ओळीकडे वळू नका. दर वेळी आकडा लिहून ठेवा: आधी किती होता, नंतर किती झाला. फरक पडला तर पैसे वाचले, आणि नाही पडला तर तोच कागद तुमच्या तक्रारीला जोडा.